धावायचं की गोळा फेकायचा? खान्देशी मैदानावरचा जुना पेच

गेल्या वर्षभरात तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी 'हायरॉक्स' हा शब्द येऊन गेला असेल. एक किलोमीटर धावायचं, मग ताकदीचं एक काम करायचं, पुन्हा एक किलोमीटर, पुन्हा दुसरं काम, असं आठ वेळा. वजन लादलेली स्लेज ढकलायची, मग ओढायची, दोन्ही हातांत जड वजनं धरून 200 मीटर चालायचं, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन लंजेस मारत जायचं, आणि पाय लटपटायला लागले की शेवटी जड चेंडू भिंतीवर फेकत बसायचं. 2017 मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला हा प्रकार सुरू झाला. सुरू करणाऱ्या दोघांपैकी मोरित्झ फुर्स्टे हा हॉकीपटू, 2008 आणि 2012 च्या ऑलिंपिकमधला सुवर्णपदक विजेता. मे 2025 मध्ये स्पर्धा मुंबईत आली आणि जाहिराती 'नवा खेळ' म्हणू लागल्या.

व्यायामाच्या इतिहासावर संशोधन करणाऱ्या माणसाला 'नवा' हा शब्द दिसला की जरा खाज सुटतेच. कारण धावणं आणि ताकद एकाच अंगाकडून मागणारी परीक्षा आपल्या जळगाव-धुळ्याच्या पोरापोरींना चांगली ठाऊक आहे. तिचं नाव पोलीस भरती.

जिल्हा पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. गुण अनुक्रमे 20, 15, 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. पूर्वी लांब उडी आणि पुलअप्सही होते, ते गेले. राज्य राखीव दलाचं गणित वेगळं, आणि धुळ्यात त्यांचा गट क्रमांक 6 असल्यामुळे तिकडे ते पाठच असतं. पाच किलोमीटरला 50, 100 मीटरला 25, गोळ्याला 25. म्हणजे अर्धे गुण दमाचे, अर्धे झटक्याचे. हायरॉक्समध्येही एकूण वेळेतला अर्ध्याहून जास्त वेळ धावण्यातच जातो. फरक इतकाच की तिथे पैसे भरून मेडल मिळतं, इथे घर चालणार की नाही ते ठरतं.

आता थोडं मागे जाऊ. सरकारने खान्देशात अंगमेहनतीच्या जोरावर माणसं भरती करणं काही आजचं नाही. 1825 साली जेम्स आउट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटने इथे भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. पुढे ती पोलिसात विलीन झाली. त्या पलटणीचं मोल होतं ते डोंगरातल्या चालीत आणि जंगलाच्या माहितीत. गोळा किती लांब जातो हे कुणी मोजत नव्हतं.

दुसरा प्रसंग मला जास्त आवडतो. डिसेंबर 1936, फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. मुंबईहून फैजपूरपर्यंत ज्योत आणली ती धावपटूंनी, हातोहात. (त्याच वर्षी उन्हाळ्यात ऑलिंपिकची ज्योत पहिल्यांदा धावत धावत बर्लिनला गेली होती, हा योगायोग गमतीचा आहे.) इकडे अधिवेशनात झेंडा चढवताना तो उंच खांबाच्या मध्येच अडकला. खांब 80 फुटांचा. तेव्हा शिरपूरकडचा किसनसिंग नावाचा तरुण सरसर वर चढला आणि त्याने झेंडा मोकळा केला. बघा, ज्योत आणणारे वेगळे आणि खांबावर चढणारा वेगळा. ज्याचं अंग ज्या कामाचं, त्याने ते करायचं. भरतीचं मैदान मात्र एकाच पोराला सांगतं की ज्योतही तूच आण आणि खांबावरही तूच चढ.

हे एका अंगाला कितपत झेपतं? या प्रश्नाचा शास्त्रीय इतिहास एका हौशी वजनउचल्यापासून सुरू होतो. रॉबर्ट हिक्सन अमेरिकेत संशोधन करायला जॉन होलोझींच्या प्रयोगशाळेत गेला. गुरुजींना रोज धावायची सवय, म्हणून हाही त्यांच्याबरोबर धावायला लागला. (गाइडला नाही म्हणता येत नाही, हे पीएचडी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.) काही दिवसांत त्याच्या लक्षात आलं की आपली ताकद उतरतेय. पुढे त्याने रीतसर प्रयोग केला, तो 1980 मध्ये छापून आला. तीन गट, दहा आठवडे. एक गट फक्त ताकदीचा, एक फक्त दमाचा, एक दोन्हींचा. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली, आणि शेवटी शेवटी खाली आली. दम मात्र कमी झाला नाही.

यावरून जिममध्ये 'धावलास की मसल गेले' हा समज घट्ट बसला, तो अजून निघत नाही. पण हिक्सनच्या त्या गटाचा व्यायाम प्रचंड होता: आठवड्याला पाच दिवस ताकद आणि सहा दिवस दम. 2022 मध्ये शुमान आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्नायूंची वाढ आणि कमाल ताकद यांना धावण्याने खास धक्का बसत नाही असं दिसलं. धक्का बसू शकतो तो झटक्याच्या ताकदीला, आणि तोही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच बैठकीत केले तर.

आता गोळाफेक आणि 100 मीटर आठवा. दोन्ही झटक्याचेच. आणि आपल्याकडे बऱ्याच मैदानांवर सराव कसा चालतो? पहाटे पाचला आधी राउंडवर राउंड, पोरं घामाघूम झाली की मग गोळा. ज्या गुणाला धक्का बसतो नेमका तोच आपण दमलेल्या पायांवर घोटत बसतो. माझ्या मते भरतीच्या तयारीतली ही सगळ्यात महाग पडणारी सवय आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. 1999 मध्ये फिनलंडच्या पाव्होलाइनेन आणि मंडळींनी धावपटूंच्या सरावातला काही भाग काढून तिथे उड्या, स्प्रिंट असा झटक्याचा व्यायाम घातला. नऊ आठवड्यांत त्यांची पाच किलोमीटरची वेळ सुधारली, ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता न वाढताही. तेवढ्याच दमात पाय कमी खर्चात पळायला लागले. राखीव दलाची तयारी करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग दोन्ही बसवायचं कसं? तालमीने याचं उत्तर केव्हाच शोधलं होतं. पहिलवानाचा दिवस दोन पाळ्यांचा: पहाटे एक, संध्याकाळी दुसरी, मध्ये खुराक आणि झोप. 2016 मध्ये रोबिनो आणि सहकाऱ्यांनी रग्बी खेळाडूंवर हेच तपासलं: दोन व्यायामांत अंतर शून्य, सहा किंवा चोवीस तास. सहा तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये असं निघालं.

पण पहिलवानाला दुपारी झोपायला मिळायचं. रावेर-यावलकडे दिवसभर केळीच्या बागेत राबणाऱ्या किंवा एमआयडीसीत पाळी करणाऱ्या पोराने दोन वेळा मैदान कुठून गाठायचं? त्याच्यासाठी चोवीस तासांचा पर्याय आहे. एक दिवस लांब धावणं, दुसऱ्या दिवशी गोळा, स्प्रिंट, उड्या, बैठका. तेही जमत नसेल आणि सगळं एकाच सकाळी उरकायचं असेल, तर निदान क्रम उलटा करा. अंग नीट गरम करून ताज्या पायांवर गोळा आणि 100 मीटर, मग लांब धावणं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा तर लांब धावणं सूर्य वर यायच्या आत संपेल असं बघूनच उठायची वेळ ठरवा. आणि चाचणीच्या दिवशी क्रम आपल्या हातात नसतो, तेव्हा शेवटच्या पंधरवड्यात एक-दोनदा मुद्दाम आधी धावून मग गोळा फेका. किती फुटांचा फरक पडतो ते वहीत लिहून ठेवा.