रायगडचा किनारा, नाकेबंदी आणि निरपराधांचा प्रश्न

रायगडच्या किनाऱ्याचा सतराव्या शतकातला इतिहास आपल्याकडे बहुधा किल्ल्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जंजिरा का पडला नाही, पद्मदुर्ग कसा उभा राहिला, खांदेरी कोणी राखली, यातच लेखणी रमते. या लढायांत तोफेइतकेच महत्त्व धान्याला होते, हे मात्र नजरेआड होते. समुद्रातल्या किल्ल्याची रसद तोडायची आणि त्यासाठी किनाऱ्यावरच्या रयतेला झळ पोचवायची, ही त्या काळाची रीतच होती. आजच्या कायद्याच्या भाषेत पहिलीला नाकेबंदी म्हणतात. दुसरी जेव्हा शत्रूच्या कृत्याबद्दल रयतेवर सूड म्हणून उगवली जाते, तेव्हा तिला सामूहिक शिक्षा म्हणतात. या दोहोंतली सीमारेषा कोठे आहे, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. त्यामुळे तहानेने तो किल्ला पडणे शक्य नव्हते. शिवाजी महाराजांनी जवळच्याच कांसा खडकावर पद्मदुर्ग बांधायला घेतला तो सिद्दीला शह देण्यासाठी. या कामाला लागणारे धान्य व पैसा प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने वेळेवर पोचवला नाही, तेव्हा जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी त्याला पत्राने कडक जाब विचारला. त्या पत्रात आरमाराचे अधिकारी म्हणून दर्यासारंग आणि दौलतखान यांचा उल्लेख आहे. सिद्दीशी लढणाऱ्या आरमाराचा एक सरदार मुसलमान होता, ही गोष्ट या लढ्याला धर्मयुद्धाचा रंग देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

चार वर्षांनी, १६७९ मध्ये, मायनाक भंडारी खांदेरी बेटावर उतरला आणि तटबंदीचे काम सुरू झाले. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होतो हे पाहून इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. पुढे सिद्दी कासिमचे आरमारही येऊन मिळाले. दौलतखानाच्या हलक्या होड्या मात्र उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात, इंग्रजांच्या जड गलबतांना चुकवून बेटावर रसद पोचवीत राहिल्या. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तह करून अंग काढून घेतले. सिद्दीने शेजारची उंदेरी घेऊन तिथे आपली तटबंदी केली. नाकेबंदी बंधनकारक ठरायची तर ती प्रत्यक्षात परिणामकारक असली पाहिजे, हा नियम युरोपातील राष्ट्रांनी १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यात लिहून ठेवला. खांदेरीची नाकेबंदी या कसोटीला उतरली नसती.

किल्ल्यातला शिपाई असा तग धरू शकला, किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला आणि कोळ्याला तो आसरा नव्हता. गावे जाळणे, माणसे धरून नेणे हे सिद्दीच्या आरमाराचे नेहमीचे तंत्र होते. १६७१ मध्ये दंडाराजपुरी परत घेतल्यावर सिद्दीने आसपासची ठाणी घेतली. त्यांतील एका ठाण्यातून सातशे माणसे अभयवचनावर बाहेर आली. वचन मोडून पुरुष मारले गेले, मुले व तरुण स्त्रिया गुलाम केल्या गेल्या. ही नोंद खाफीखान या मोगल इतिहासकाराची आहे, कोणा शत्रूची नव्हे. जंजिऱ्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजाने ही नोंदही तितक्याच स्वच्छ नजरेने वाचली पाहिजे.

कारण या प्रश्नावर आपला स्वतःचा वारसा स्पष्ट आहे. मक्केच्या कुरैशांनी बनू हाशिम कुळावर बहिष्कार टाकला तेव्हा इस्लाम न स्वीकारलेले त्या कुळातले लोकही शिअबे अबी तालिबच्या घळीत सुमारे तीन वर्षे उपाशीतापाशी राहिले. अपराध एकाचा मानला आणि शिक्षा साऱ्या कुळाला केली. पुढे यमामाचे सरदार सुमामा बिन उसाल यांनी इस्लाम स्वीकारल्यावर मक्केकडे जाणारे धान्य रोखले. मक्केवाल्यांनी नात्याची आठवण देत प्रेषित मुहम्मद (स.) यांना साकडे घातले. कुरैश तेव्हाही शत्रूच होते, तरी प्रेषितांनी ते धान्य सोडायला सांगितले. कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, या कुरआनच्या शिकवणीचाच हा व्यवहारातला अर्थ होता.

आधुनिक कायद्याला इथपर्यंत यायला फार वेळ लागला. १९०७ च्या हेग नियमांनी व्याप्त प्रदेशातल्या लोकांना सरसकट शिक्षा करण्यास मनाई केली. पण लेनिनग्राडला उपाशी मारणाऱ्या वेढ्याबद्दल जर्मन सेनापती लीबला शिक्षा झाली नाही. न्युरेंबर्गच्या अमेरिकन न्यायालयाने १९४८ मध्ये म्हटले की, प्रचलित कायद्यात अशा उपासमारीला बंदी नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने सामूहिक शिक्षा निषिद्ध ठरवली आणि १९७७ च्या पहिल्या पूरक करारात नागरिकांची उपासमार हे युद्धतंत्र म्हणून वर्ज्य झाले. भारताने जिनिव्हा करार १९५० मध्ये स्वीकारले. १९७७ च्या कराराला मात्र तो अद्याप सामील झालेला नाही.

नाकेबंदी कायद्याला मान्य आहे, सामूहिक शिक्षा मान्य नाही. म्हणून नाकेबंदी करणारा प्रत्येक जण आपण शस्त्रे रोखतो असे सांगतो. २०१० मध्ये गाझाकडे निघालेल्या जहाजांवर इस्रायली सैनिकांनी हल्ला केला, त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्याच दोन चौकशांनी परस्परविरोधी निष्कर्ष काढले. एकीने गाझाची सागरी नाकेबंदी बेकायदा ठरवली, दुसरीने ती कायदेशीर मानली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र अन्न, पाणी, वीज, इंधन सारेच तोडण्याची उघड घोषणा झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नेतान्याहू व गॅलंट यांच्यावर जी अटक वॉरंटे काढली, त्यांत उपासमारीचा युद्धतंत्र म्हणून वापर हा आरोप आहे. हमासने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी केलेल्या नागरिकांच्या हत्यांनाही हाच मानदंड लावला पाहिजे. ज्यांना मारले, ओलीस नेले, त्यांनीही दुसऱ्यांच्या ओझ्याची किंमत मोजली.

गाझाबद्दल बोलताना आम्ही दंडाराजपुरीच्या त्या सातशे माणसांना विसरलो, तर आमच्या बोलण्याला वजन राहणार नाही. नाकेबंदी कोण करतो, त्याचा धर्म कोणता, हे विचारण्याआधी शत्रूच्या लेकरांपर्यंत धान्य पोचते की नाही, एवढे विचारावे. सुमामांना मिळालेला आदेश याच प्रश्नाचे उत्तर होता.