वालधुनीचे पाणी



कल्याणहून कर्जतकडे निघालात की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने लागतात. या गावांचा इतिहास राजेरजवाड्यांवरून सांगता येईल. आज मी तो पाण्यावरून सांगणार आहे.

अंबरनाथचे काळ्या पाषाणाचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळचे, इ. स. १०६० मधले. ते वालधुनी नदीच्या काठी आहे. देवाचा अभिषेक आणि गावाची तहान, दोन्ही त्याच पाण्यावर. पुढे आगगाडी आली. इंजिनांना पाणी हवे म्हणून काकोळ्याला तलाव बांधला. लोक त्याला अजूनही ‘जीआयपी टँक’ म्हणतात. मग विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आला, आणि त्यामागून रसायनांचे कारखाने.

उल्हासनगरची कथा निराळी. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीनंतर, सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसली. पण सरकारी शिध्यावर माणूस किती दिवस काढणार? बराकीत पापड लाटले गेले, गाडीत गोळ्या-बिस्किटे विकली गेली. भांडवल थोडे, भरवसा शेजाऱ्याचा. फार मोठी हिंमत होती ती!

म्हणून लहान धंदा तेवढा चांगला, असे आम्ही मास्तर मंडळी चटकन बोलून मोकळे होतो. पण बरं का, उल्हासनगरात जीन्स धुणारे कारखानेही लहानच होते. त्यांचे निळे पाणी वालधुनीतच जाई. २०१८ च्या सुमारास न्यायालयाच्या आदेशांनंतर ते बंद झाले. कामगारांची रोजी गेली, आणि नदी काही एका दिवसात निवळली नाही. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणा टँकरने नदीत रसायन ओतले, तेव्हा वायूने गुदमरून शेकडो माणसे इस्पितळात गेली होती.

पूर्वीच्या पाणवठ्यावर घाण करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तिथेच घागर भरायची असे. त्याला शेजारणीची जीभ आडवी येई. रात्रीच्या टँकरला कुणाची लाज? धंद्याच्या आकाराइतकाच हाही प्रश्न आहे.

बदलापूरजवळ औद्योगिक महामंडळाने बारवीवर धरण बांधले. कारखान्यांची आणि शहरांची तहान वाढली, तशी धरणाची उंचीही वाढवली. मुरबाड तालुक्यातल्या गावांची घरे-शेते पाण्याखाली गेली. नळ सोडताना त्या गावांची आठवण कुणाला होते?

जे. सी. कुमारप्पांचे टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक १९४५ चे, म्हणजे इकडे बराकींत अजून सैनिक होते तेव्हाचे. निसर्ग जेवढे भरून देतो तेवढ्यावर संसार बेतावा, हा त्यातला विचार. तेव्हा तो पुष्कळांना भाबडा वाटला.

बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकन हा कागद. झाड उभे राहिले तर त्याला अर्थ. इमारतींच्या मधून जी झाडे उरली आहेत, त्यांची जांभळे मे-जूनमध्ये टोपल्यांतून बाजारात येतात. गुरुजी, मुलांना घेऊन त्या दिवसांत बदलापूरला जा. टोपलीवाल्या बाईला विचारा, झाड कुठे आहे, कुणाचे आहे, आणि गेल्या वर्षी तिथे किती होती.