निवासी बांधकाम परवाना आणि ऊर्जा-कार्यक्षमता : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बांधकाम परवान्याचा इतिहास म्हणजे शासनाने घराविषयी कोणते प्रश्न विचारले, याचाही इतिहास होय. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये मिळणारा परवाना प्रामुख्याने जमिनीचा वापर, चटईक्षेत्र, उंची आणि सामासिक अंतरे तपासत आला. मालवण किनाऱ्यावर १९९१ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने भरतीरेषेपासूनच्या अंतराची त्यात भर घातली. घर किती तापेल आणि ते थंड ठेवण्यास किती वीज लागेल, हा प्रश्न मात्र फार उशिरा पुढे आला. या प्रश्नाची वाटचाल आणि किनाऱ्यावरील घराशी असलेला त्याचा संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायद्याची वाटचाल :
१९७३ च्या तेलसंकटानंतर अनेक देशांत इमारतींच्या ऊर्जावापराचा विचार सुरू झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७८ मध्ये इमारतींसाठी ऊर्जा मानके लागू केली. पुढे तेथे घराच्या परवान्यासोबत मानकपूर्तीचा अहवाल जोडणे ही नित्याची बाब झाली. भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ संमत झाला आणि २००७ मध्ये इमारत ऊर्जा संवर्धन संहिता आली. परंतु तिचा रोख व्यापारी इमारतींवर होता. निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार छताचे उष्णतावहन प्रति चौरस मीटर प्रति केल्विन १.२ वॅटपेक्षा अधिक नसावे, तर उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतींनाही मूळ अधिनियमाच्या कक्षेत आणले.

किनाऱ्यावरील घर :
मालवणचे जुने घर कोणत्याही अहवालाविना हवामानाला उत्तर देत होते. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, उन्हापावसापासून भिंतीचे रक्षण करणारी पडवी, समोरासमोरची दारे, माजघरावरचा माळा आणि फटींतून गरम हवा बाहेर सोडणारे कौलारू छप्पर ही त्याची अंगे होती. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर मंगळुरी कौलांचा प्रसार झाला आणि नळीची कौले मागे पडत गेली.

या घराचे अकारण उदात्तीकरण करणे मात्र उचित ठरणार नाही. दरवर्षी पावसापूर्वी करावी लागणारी शाकारणी, वानरांचा उपद्रव, लाकडाची महागाई आणि वादळाचे भय ही कुटुंबांची खरी अडचण होती. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात जिल्ह्यातील अनेक घरांची कौले उडाली. अशा अनुभवांतून स्लॅबची निवड होते, ती केवळ अनुकरणातून नव्हे. तथापि उष्णतारोधक थर नसलेला काँक्रीटचा स्लॅब संहितेच्या मर्यादेत बसत नाही. दिवसभर साठवलेली उष्णता तो रात्री खोलीत सोडतो आणि पंख्याबरोबर वातानुकूलन यंत्राचीही गरज भासू लागते.

निकषांच्या मर्यादा :
येथे दोन विसंगती दिसतात. पहिली व्याप्तीची. २०१८ च्या संहितेने ५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पाच गुंठे, वा त्याहून मोठा भूखंड हा निकष धरला. अधिनियमाने किमान १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी हा निकष धरला. माडांच्या वाडीतील घराचा भूखंड पहिला निकष सहज ओलांडू शकतो, परंतु एका कुटुंबाचा वीजभार दुसऱ्याच्या जवळपासही जात नाही. राज्य शासनास कमी मर्यादा ठरविण्याची मुभा मात्र अधिनियमात आहे. दुसरी विसंगती मोजमापाची. केवळ पातळ कौलांचे उष्णतावहन मोजल्यास जुने छप्परही अनुत्तीर्ण ठरेल. कारण त्याचा गारवा एका थरात नसून माळा, फटी आणि वारा यांच्या एकत्रित कार्यात आहे.

निष्कर्ष :
ऊर्जाविषयक कायद्याचा आतापर्यंतचा प्रवास मोठ्या इमारतींकडून घराकडे झाला आहे. किनाऱ्यावरील एकट्या घरापर्यंत तो पुरता पोहोचलेला नाही. या घरांवर शहरी स्वरूपाच्या अहवालाचा खर्च लादणे अन्यायाचे होईल. पण त्यांना वगळल्यास प्रत्येक नवा स्लॅब पुढील अनेक दशकांचे वीजबिल निश्चित करून ठेवील. परवान्याच्या नकाशातच छताचा उष्णतारोधक थर, पडवी आणि समोरासमोरची दारे-खिडक्या यांची साधी नोंद मागितल्यास स्लॅबची सुरक्षितता व जुन्या घराचा गारवा यांचा मेळ घालता येईल.