चुंबकाने वेचलेला डीएनए

इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया एवढेच आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु प्रयोगशाळेलाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या श्रमांतून घडतो. चुंबकीय मण्यांनी डीएनए शुद्ध करण्याची पद्धत हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

१८६९ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर यांनी इस्पितळातील पुवाने भरलेल्या पट्ट्यांतून हे द्रव्य प्रथम वेगळे केले. पुढे त्याच्या शुद्धीकरणासाठी फिनॉल व क्लोरोफॉर्म प्रचारात आले. ही रसायने विषारी, आणि काम वेळखाऊ.

१९७५ साली अमेरिकेत लिस व श्लाइफ यांनी दाखवले की, क्षार आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिसळले असता डीएनएचा साका बसतो. ग्लायकॉल कमी असेल तर फक्त लांब तुकडे बसतात. वाढवले की आखूडही बसतात. पुढच्याच वर्षी नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे जॉन उगेलस्टाड यांनी अगदी एकसारखे, सूक्ष्म प्लास्टिकचे मणी बनवले. नंतर अशा मण्यांत लोहाचे ऑक्साइड भरले गेले. ते चुंबकाकडे धावतात आणि चुंबक काढताच पुन्हा सुटे होतात.

हे दोन प्रवाह अमेरिकेतील व्हाइटहेड संस्थेत एकत्र आले. ट्रेव्हर हॉकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४-९५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. कार्बॉक्सिल गटांचे आवरण असलेले मणी, क्षार व ग्लायकॉल नमुन्यात घातले की डीएनए मण्यांना चिकटतो. नळीला बाहेरून चुंबक लावायचा, मळ ओतून द्यायचा, मणी ७० टक्के अल्कोहोलने धुवायचे आणि साध्या पाण्यात डीएनए सोडवून घ्यायचा.

तुकडे लांबीप्रमाणे निवडायचे असतील तर हेच काम दोनदा करतात. प्रथम मिश्रण कमी घालून फार लांब तुकडे मण्यांसह टाकून देतात. उरलेल्या द्रवात आणखी मिश्रण घातले की मध्यम तुकडे चिकटतात, बारीक तुकडे पाण्यात राहतात. जणू भोके नसलेली चाळणीच!

१९९० ते २००३ या काळात चाललेल्या मानवी जनुकसंच प्रकल्पापुढे सुमारे ३ अब्ज अक्षरे वाचण्याचे काम होते. इतके नमुने हातांनी शुद्ध करणे अशक्यप्राय. चुंबकाचे काम मात्र यंत्राला सोपवता आले. २०२० च्या कोरोना साथीत विषाणूचा आरएनए वेगळा करतानाही असेच मणी अनेक ठिकाणी उपयोगी पडले.

‘याचा उपयोग काय?’ असे विद्यार्थी वारंवार विचारतात. १९७५ साली त्या साक्याकडे पाहून या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणालाच देता आले नसते. तरीही ते काम चोख झाले व लिहून ठेवले गेले, म्हणूनच वीस वर्षांनी ते दुसऱ्याच्या हाती लागले.