वनौषधींचा तोडणीकाळ (चंद्रपूर व गडचिरोली)

वनस्पतीचा औषधी भाग (मूळ, कंद, साल, पान, फूल, फळ, बी, डिंक किंवा संपूर्ण झाड) कोणत्या ऋतूत व कोणत्या अवस्थेत काढावा, याविषयीचे ज्ञान आणि त्यानुसार घेतला जाणारा निर्णय. एकच वनस्पती लवकर काढली, वेळेवर काढली की उशिरा काढली, यावर तिचे गुण, तिचा भाव आणि पुढच्या वर्षी ती जंगलात राहणार की नाही, हे तिन्ही ठरते. पूर्व विदर्भातील चंद्रपूर (पूर्वीचा चांदा) व त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली हे महाराष्ट्रातील सर्वांत दाट जंगलाचे जिल्हे होत. येथील गोंड, माडिया व इतर वनवासी समाजांचे वर्ष या तोडणीकाळांवरच बेतलेले आहे.

ग्रंथांतील मते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात काही आचार्यांचे मत नोंदलेले आहे. त्यानुसार प्रावृट् (पावसाळ्याच्या आरंभीच्या) ऋतूत मुळे, वर्षा ऋतूत पाने, शरदात साल, हेमंतात चीक, वसंतात गाभा व ग्रीष्मात फळे घ्यावीत. सुश्रुताला हे मत मान्य नाही. सौम्य गुणांची औषधे सौम्य ऋतूत व उष्ण गुणांची उष्ण ऋतूत घ्यावीत, असे तो सांगतो. चरकाच्या कल्पस्थानातील क्रम याहून थोडा वेगळा असून फुले व फळे ज्या त्या हंगामात घ्यावीत, असा त्याचा निर्देश आहे. औषध आणि ऋतू यांची सांगड घातलीच पाहिजे, याबद्दल मात्र दोघांत मतभेद नाही.

पक्वतेच्या खुणा. पंचांगापेक्षा झाड पाहून काळ ठरवणे अधिक भरवशाचे. पाऊस लांबला की फुलोरा लांबतो आणि तारीख चुकते. खूण सहसा चुकत नाही.

हिरडा : तोडणीकाळाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. एकाच झाडाच्या फळांना अवस्थेनुसार तीन नावे व तीन उपयोग आहेत. आठळी धरण्यापूर्वी गळालेले, वाळून मनुकेसारखे काळे व सुरकुतलेले फळ म्हणजे बाळहिरडा. तो सौम्य रेचक असून बाळगुटीत उगाळतात. अर्धपक्व फळ म्हणजे चांभारी हिरडा. कातडी कमावण्यातील वापरावरून त्याला हे नाव पडले. पूर्ण वाढलेले पिवळसर फळ म्हणजे सुरवारी हिरडा. जड, घट्ट आणि पाण्यात टाकल्यावर बुडणारा हिरडा उत्तम, ही जुनी परीक्षा आजही उपयोगी आहे. येथे ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ असा सरळ भेद नाही. कशासाठी हवे, त्यावर पक्वता ठरते. बाळगुटीसाठी सुरवारी आणणारा जेवढा चुकतो, तेवढाच त्रिफळ्यासाठी बाळहिरडा आणणाराही चुकतो.

बेहडा : फळे हिवाळ्यात आपोआप गळतात, ती वेचावीत.

आवळा : उन्हाळ्याच्या तोंडाशी फुललेल्या आवळ्याचे फळ पावसाळ्यापर्यंत जवळजवळ वाढत नाही. ते पुढे पोसते आणि साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तयार होते. गडद हिरवा रंग जाऊन फिकट, पिवळसर झाक व किंचित पारदर्शकता आली की तोड करावी. फांदी मोडून आवळा काढला तर पुढच्या वर्षांचा बहर त्या फांदीबरोबर जातो.

चार (चारोळी) : एप्रिल-मे. हिरवे फळ जांभळट काळे झाल्यावरच आतील गर भरलेला असतो. ‘आधी जाईल त्याला मिळेल’ अशी स्थिती असली की हिरवी तोड सुरू होते. गर पोचट निघतो, भाव पडतो आणि रुजायला बीही उरत नाही.

बिबा : हिवाळ्यात फळ काळे व त्यावरील देठ नारिंगी झाल्यावर घेतात. याचा चीक अंगावर उततो, म्हणून हाताला तेल लावून काम करण्याची रीत आहे.

सफेद मुसळी : येथील अडचण वेगळी आहे. पावसाळ्यात पान हिरवे असते, तेव्हा झाड सापडते पण कंद कोवळा असतो. पावसानंतर पान पिवळे पडून जिरते, तेव्हा कंद पक्व होतो पण जागा दिसत नाही. म्हणून जंगलातील मुसळी बहुधा वेळेआधी खणली जाते आणि वाळल्यावर बारीक, सुरकुतलेली निघते. लागवडीच्या मुसळीत पाने जिरल्यावर कंद मातीतच ठेवून साल तपकिरी होईपर्यंत थांबतात. रानात हेच साधायचे तर पान असतानाच जागेवर खूण करून ठेवावी लागते. डोळ्यासह काही मुळे परत मातीत ठेवली, तरच पुढच्या वर्षी रोप येते.

भुईनिंब (कालमेघ) : कडू द्रव्य अँड्रोग्राफोलाइड फुलोरा सुरू होताना सर्वाधिक असते आणि बी धरल्यावर घटते. लागवडीत हा काळ सुमारे ९० ते १२० दिवसांनी येतो. सगळे झाड एकाच वेळी उपटले की बी पडत नाही.

गुळवेल : अंगठ्याएवढी जाड झालेली वेल, उन्हाळ्यात. मूळ राखून कापावी.

अर्जुन : साल खोडाच्या एका बाजूने व वरवर काढावी, भोवताली पूर्ण सोलल्यास झाड मरते.

कुडा : शेंगा तडकण्यापूर्वी.

डिंक : उन्हाळ्यात, पावसाआधी. खोल घाव झाडाला मारतात.

मोहफूल. अन्न, औषध व पेय या तिन्ही रूपांत वापरले जाणारे हे फूल मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळते. येथे तोडणीकाळ झाडच ठरवते. माणसाच्या हाती फक्त वेचण्याची वेळ असते. सूर्य चढण्यापूर्वी वेचलेले फूल स्वच्छ वाळते, उशिरा वेचलेले आंबते. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची सवय मात्र घातक आहे. त्या आगी जंगलात पसरतात आणि उन्हाळ्यात रुजू पाहणारी औषधी रोपे जळतात. पाचोळा झाडूने सारणे हा सोपा व पुरेसा उपाय आहे.

पंडुम. माडिया गोंडांमध्ये नवे फळ किंवा धान्य खाण्यापूर्वी ‘पंडुम’ हा सण करतात. मरका पंडुम हा आंब्याचा सण. तो होईपर्यंत नवा आंबा तोडायचा नाही. विधी धार्मिक असला तरी त्याचा परिणाम व्यवस्थापनाचा आहे. सारे गाव एकाच दिवसापासून तोड सुरू करते, म्हणून कोणालाही कच्चे तोडण्याची घाई करावी लागत नाही. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात गडचिरोलीतील बायका आणि झाडे यांचे नाते आले आहे. झाडांची ही जाण मुख्यतः बायकांकडे असते, हे त्यातून ध्यानात येते.

हक्क आणि निर्णय. कधी तोडावे हे ठाऊक असूनही लोक वेळेआधी का तोडतात, याचे उत्तर मालकीत आहे. उद्या हे फळ आपल्यासाठी राहीलच याची खात्री नसेल, तर थांबणे परवडत नाही. वनहक्क अधिनियम २००६ नुसार औषधी वनस्पती, कंदमुळे, मध, तेंदूपाने व बांबू हे सारे गौण वनोपज ठरले. ते गोळा करण्याचा, विकण्याचा आणि जंगलाचे रक्षण-व्यवस्थापन करण्याचा वनवासी समाजांचा हक्क मान्य झाला.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. मोहन हिराबाई हिरालाल व देवाजी तोफा यांच्या सहभागातून तेथे अभ्यासगटांची पद्धत रुजली. आधी विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करायचा. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरवर हक्क मिळाला. या गावाने तेंदूपाने न तोडण्याचे ठरवले. चांगल्या पानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि तेंदूची फळे गावाला खायला मिळत नाहीत, ही त्यामागची कारणे होत. हातात येणारे रोख उत्पन्न सोडून घेतलेला हा निर्णय तोडणीकाळाच्या इतिहासात महत्त्वाचा मानावा लागतो. ‘केव्हा तोडू’ या प्रश्नाचे ‘तोडायचेच नाही’ हेही एक उत्तर असते आणि ते देण्याचा अधिकार मालकालाच असतो.

भांग (विजया). आयुर्वेदातील या औषधीलाही पक्वतेचाच नियम लागू आहे. तिचे गुण फुलोऱ्यावरील राळेच्या ग्रंथींत असून त्या आधी पारदर्शक, मग दुधी व शेवटी तांबूस होतात. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात फुलोरा किंवा फळधारी शेंड्यांची व्याख्या ‘गांजा’ अशी आहे; शेंड्यांविना असलेली पाने व बी त्यातून वगळली आहेत. परवान्याविना घरी वा शेतात लागवड हा गुन्हा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत भांग व बिबा दोन्ही विषारी द्रव्ये म्हणून नोंदलेली असून ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

वाळवण व साठवण. मुळे-कंद धुऊन उन्हात, पाने-फुले सावलीत वाळवतात. ओलसर माल पोत्यात भरल्यास बुरशी धरते.

आजची गरज. गावोगावच्या ग्रामसभांनी आपापल्या जंगलातील प्रत्येक औषधीची खूण, तोड सुरू करण्याचा दिवस आणि झाडावर राखायचा वाटा ठरवून ते नोंदवहीत लिहावे. जाणत्या बायकांना विचारून ही नोंद आताच झाली पाहिजे. त्यांच्यामागे हे ज्ञान सांगणारे फारसे कोणी उरणार नाही.