कार ड्रायर

धुतलेल्या मोटारीवरचे पाणी हवेच्या जोरदार झोताने हटवणारे, विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे यंत्र, म्हणजे एक प्रकारचा ब्लोअर. ते पाणी आटवत नाही, ढकलून काढते. झोताला मोटरमुळे किंवा हीटरमुळे येणारी ऊब दुय्यम.

हा फरक महत्त्वाचा आहे. पाणी जागच्या जागी आटले, की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार रंगावर पांढरी वर्तुळे करून बसतात. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी बरेचदा जड असते, त्यामुळे बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत गडद रंगाच्या गाड्यांवर हे डाग चटकन दिसतात. बोनेट आणि टप मायक्रोफायबरच्या फडक्यानेही कोरडे होतात. खरा त्रास लपलेल्या पाण्याचा. साइड मिररच्या फटीत, दाराच्या हँडलमागे, नंबर प्लेटखाली, व्हील नटच्या खोबणीत ते दडून राहते आणि गाडी हलली, की पुसलेल्या दारावर ओघळ काढते. ब्लोअर घ्यायचा तो मुख्यतः या जागांसाठी. सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवर मात्र थेंब गोळा होऊन पळतात, तिथे सबंध गाडी फडका न लावता सुकते आणि घासून पडणारे बारीक चरे टळतात.

खोक्यावर वॉट मोठ्या अक्षरांत छापतात. पाहायचे असते ते दुसरेच: मिनिटाला किती हवा फेकली जाते आणि झोताचा वेग किती. हवेचे माप बहुधा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) असते. 1 सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे 28 लिटर. फटीतले पाणी वेगाने निघते, बोनेटवरचे हवेच्या भरघोस लोंढ्याने.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, कॉम्प्युटरची धूळ उडवायचा 600 वॉटच्या आसपासचा ब्लोअर स्वस्त आणि फटींना पुरेसा. पण त्याच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर सहसा फिल्टर नसतो, त्यामुळे पार्किंगमधली धूळ ओल्या रंगावर फेकली जाते. तो जमिनीपासून उंच धरावा आणि आधी काही सेकंद बाजूला चालवावा. खास गाडीसाठी बनवलेल्या यंत्रांत, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या मेट्रोव्हॅकच्या, फिल्टर असतो आणि नोझल रबरी असते. हात चुकून नोझल पत्र्याला लागली तरी ओरखडा पडत नाही. परदेशातून मागवताना व्होल्टेज तपासणे अटळ, कारण अमेरिकेत 120 व्होल्ट, इथे 230. पानगळ उडवणारा लीफ ब्लोअर हवा भरपूर देतो, पण अवजड आणि कर्कश असतो. कानाला संरक्षण हवेच. वॉशिंग सेंटरवरच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असू शकतो.

बॅटरीवाल्या यंत्राचा हिशेब घरीच मांडता येतो. 18 व्होल्ट, 4 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 72 वॉट-तास. 600 वॉटने चालवली तर जेमतेम सात मिनिटे. तारेचे यंत्र असेल तर 6 अँपिअरच्या सॉकेटवर 1380 वॉटपर्यंतचाच भार घालावा, एक्स्टेंशन बोर्ड ओल्या फरशीवर ठेवू नये आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा.