ओल्या कचऱ्याचे खत : कुंडी बंद का पडते?

भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेले अन्न आणि देवघरातील निर्माल्य. शहरी घरातून बाहेर पडणाऱ्या कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा वाटा या ओल्या कचऱ्याचा असतो. चार माणसांच्या घरात तो रोज अर्धा ते एक किलोपर्यंत भरतो. हा कचरा घरातच जिरवणे शक्य आहे आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. तरीही मोठ्या उत्साहाने आणलेली खताची कुंडी पहिल्याच पावसाळ्यात बंद पडल्याचा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. दुर्गंधी, चिलटे आणि अळ्या ही त्याची कारणे सांगितली जातात. मूळ कारणे मात्र दोनच असतात. घरात पुरेसा सुका पालापाचोळा नसतो आणि सगळे काम एकाच व्यक्तीच्या अंगावर पडलेले असते.

प्रश्न कचरापेटीपुरता नाही

घरातून गेलेला कचरा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन पडतो. मुंबईतील देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर पसरला होता. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्या गावांच्या हद्दीत टाकला गेला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांना त्याविरुद्ध वारंवार आंदोलने करावी लागली. मिश्र कचऱ्याच्या ढिगाखाली हवा पोहोचत नाही. तेथे ओला कचरा कुजताना मिथेन वायू तयार होतो. तो ज्वालाग्राही आहेच, शिवाय शंभर वर्षांच्या हिशोबात वातावरण तापविण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक मानली जाते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असेही त्या नियमांत म्हटले होते. पुणे महापालिकेने गांडूळखत, सौर ऊर्जा व पर्जन्यजलसंचय प्रकल्प राबविणाऱ्या मिळकतींना करात पाच ते दहा टक्के सवलत देण्याचे धोरण स्वीकारले.

खत तयार होते कसे?

कचऱ्याचे खत जिवाणू आणि बुरशी करतात. त्यांना अन्न, पाणी आणि हवा या तिन्ही गोष्टी लागतात. स्वयंपाकघरातील कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर असते, तर सुक्या पानांत कर्ब अधिक असतो. नत्राच्या तुलनेत कर्ब पंचवीस ते तीस पट असेल, तर कुजण्याची क्रिया उत्तम चालते. हे मोजमाप घरात करता येत नाही. त्यासाठी सोपा नियम असा, की जेवढा ओला कचरा, तेवढ्याच आकारमानाचा सुका पाला. मिश्रण मुठीत दाबल्यावर ओलसर लागावे, पण बोटांतून पाणी गळू नये. पाणी गळले तर आतील हवेच्या जागा पाण्याने भरल्या, असे समजावे. दुर्गंधीची सुरुवात तेथूनच होते.

कुंडीची मांडणी

वीस लिटरच्या रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या किंवा दोन मातीचे माठ पुरेसे होतात. बादली वापरण्यापूर्वी स्वच्छ धुवावी, बाजूंना आणि तळाला भोके पाडावीत आणि खाली ताट ठेवावे. खालच्या मजल्यावरील बाल्कनीत काळे पाणी ठिबकले, की शेजाऱ्यांशी वाद ठरलेलाच. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे थर द्यावा. त्यावर बारीक केलेला ओला कचरा, वर तेवढाच पाला, असे रोज करावे. सुरुवातीला विरजण म्हणून मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक घालावे. आठवड्यातून दोनदा मिश्रण तळापर्यंत हलवावे आणि वरचा थर नेहमी सुक्या पाल्याचाच ठेवावा. पहिली बादली भरली, की ती झाकून ठेवून दुसरी सुरू करावी. दीड ते दोन महिन्यांत पहिल्या बादलीत काळसर, भुसभुशीत आणि मातीचा वास असलेले खत तयार होते.

मांस-मासे, तेलकट पदार्थ, दूध-दही आणि खारट उरलेले अन्न बाल्कनीतील कुंडीत टाकू नये. मीठ साचले, तर ते खत झाडांना मारक ठरते.

पाल्याची बेगमी शिशिरातच

पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही, हवेतील ओलावाही वाढतो आणि कुंडी चिखलासारखी होते. यावरचा उपाय चार महिने आधी करावा लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शहरातील रस्ते आणि सोसायट्यांची आवारे पानगळीने भरलेली असतात. ही पाने झाडून पेटवून देण्याची सवय अजून गेलेली नाही. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये मनाई केली आहे. तीच पाने वाळवून, चुरून दोन-तीन गोण्यांत भरून ठेवली, तर एका कुटुंबाचा पावसाळा निभावतो. गोणी भिंतीपासून दूर, पाटावर ठेवावी. पाला कमी पडल्यास लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट वापरता येते, मात्र प्लायवूडचा भुसा टाळावा.

लक्षणे आणि उपाय

- आंबूस किंवा सडका वास : पाणी जास्त. पाला घालून मिश्रण हलवावे, एक-दोन दिवस नवा कचरा टाकू नये.
- डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास : नत्र जास्त. पाल्याचे प्रमाण वाढवावे.
- मुंग्या : मिश्रण कोरडे पडले आहे. थोडे पाणी शिंपडावे.
- पांढरी बुरशी : काळजीचे कारण नाही. ती कुजविण्याचेच काम करते.
- चिलटे व अळ्या : वरचा कचरा उघडा राहिला आहे. पाल्याने झाकून तोंडाला सुती कापड बांधावे. अळ्या खताला अपायकारक नसतात.

गांडुळे हवीतच का?

खतासाठी गांडुळे अनिवार्य आहेत, हा मोठा गैरसमज आहे. गांडूळखत उत्तम असते, पण गांडुळांना सावली, सतत ओलावा आणि माफक तापमान लागते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालील बाल्कनीत ती तग धरत नाहीत. आधी साधे खत जमू लागल्यावरच त्यांचा विचार करावा.

काम कोणाचे?

बहुतेक घरांत कचरा वेगळा करणे, चिरणे, हलविणे आणि कुंडी धुणे ही सारी कामे गृहिणीच्या किंवा कामवाल्या बाईंच्या वाट्याला येतात. निर्णय मात्र सगळ्यांचा असतो. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने कचरा फक्त वेगळ्या भांड्यात टाकावा. कुंडीत भरणे आणि हलविणे घरातील दुसऱ्या व्यक्तीने करावे. पाला गोळा करणे हे रविवारी मुलांचे काम असू शकते. कंबरेचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांसाठी कुंडी स्टुलावर ठेवावी. गावी जाताना कुंडीवर पाल्याचा जाड थर दिला, तर आठवडा-दोन आठवडे ती कोणाच्या देखरेखीशिवाय राहते. कामवाल्या बाईंना हे काम सांगायचे असेल, तर ते ठरलेल्या कामांत धरून त्याचे पैसे द्यावेत.

ओला कचरा घरात राहिला, की सुका कचरा कोरडा आणि स्वच्छ राहतो. त्याचा थेट लाभ कचरावेचकांना होतो. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या माध्यमातून कचरावेचक दारोदारी जाऊन कचरा गोळा करू लागले. कागद भाजीच्या पाण्याने भिजला, तर त्याला भाव मिळत नाही.

खताचे पुढे काय?

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातील कचऱ्यावर छोट्या जागेत शेती करण्याचा मार्ग रुजवला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच विचाराने भाज्या आणि फळझाडे वाढविली. ज्यांच्याकडे गच्ची नाही, त्यांनी एक भाग खत आणि दोन भाग माती या प्रमाणात कढीपत्ता, पुदिना, मिरची लावावी. उरलेले खत सोसायटीच्या झाडांना घालावे.

सुरुवात पावसाळ्यात करू नये. पानगळीच्या दिवसांत पाला साठवावा, उन्हाळ्यात पहिली बादली भरावी आणि पावसाला सुरुवात होईपर्यंत घरातील प्रत्येकाचे काम ठरलेले असावे.